पी हळद नि हो गोरी!

गेल्या दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस साताऱ्याहून आत्याचा फोन आला. एरवी ह्या सुमारास ती चकलीच्या भाजणीविषयी बोलते, नाहीतर सांगलीचा बेदाणा कधी पाठवतोस म्हणून विचारते. ह्या वेळी तिने एकदम निराळाच विषय काढला. "तू प्रोफेसर ना रे? मग हे जरा ऐक आणि खरे की खोटे ते सांग," असे म्हणून तिने आपल्या नातवाला एका बाटलीवरचा मजकूर मोठ्याने वाचायला लावला.

बाटली अमेरिकेहून आली होती. माझ्या आतेभावाने मोठ्या मायेने पाठवली होती. आत साठ कॅप्सुला. प्रत्येकीत पाचशे मिलिग्रॅम हळदीचे सत्त्व आणि चिमूटभर मिऱ्याचा अर्क. सोबतच्या चिटोऱ्यावर लिहिले होते की हे सत्त्व सांध्यांच्या सुजेवर उतारा आहे आणि ही गोष्ट हजारो शास्त्रीय निबंधांनी सिद्ध झाली आहे.

प्रथम मला हसू आले. मी सांगलीत राहतो. आमच्या गावच्या हवेलासुद्धा हंगामात हळदीचा वास येतो. आणि सांगलीपासून चार तासांच्या वाटेवर असलेल्या माझ्या आत्याला हळद यावी ती सातासमुद्रापलीकडून, काचेच्या बाटलीत बसून! पण आत्याचे पुढचे वाक्य ऐकले आणि हसू मावळले. ती म्हणाली, "मग मी ती आठवड्याची गोळी सोडून देते. हळद काही अपाय करायची नाही."

आत्याला संधिवात आहे. पण म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. शरीराची रक्षण करणारी फौजच आपल्या सांध्यांना परके समजून त्यांच्यावर चालून जाते, त्या जातीचा. डॉक्टर त्याला आमवात म्हणतात. सकाळी उठल्यावर तासभर बोटे मिटत नाहीत. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि त्या गोळीवर तिच्या हाताचे व्यवहार चालतात. ती सोडायची की नाही, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकाला विचारण्यासारखा खचितच नव्हता. परंतु "हजारो निबंधांनी सिद्ध" हे शब्द मात्र माझ्या धंद्यातले होते. निबंध, टिपा, दाखले, उल्लेख ह्यांतच माझे निम्मे आयुष्य गेले आहे. तेव्हा म्हटले, गोळीचे डॉक्टरांना विचारू. दाखल्यांचे आपण पाहू.

पाहता पाहता सहा महिने गेले.

आधी घरच्या मालाविषयी चार शब्द सांगतो, कारण सांगलीकराला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या मार्केट यार्डात एकदा येऊन पाहा. हमालांचे सदरे पिवळे, अडत्यांच्या वह्यांचे कोपरे पिवळे, चहाच्या टपरीवरची कपबशीसुद्धा पिवळी. शेतकरी अक्षय्यतृतीयेपासून पुढे लागण करतो, नऊ महिने पीक सांभाळतो, खणून काढतो, कढईत शिजवतो, उन्हात वाळवतो आणि पिंपात फिरवून हळकुंडाला झळाळी आणतो. गड्ड्यांचा भाव वेगळा, हळकुंडांचा वेगळा. कृष्णाकाठच्या ह्या मालाला २०१८ साली 'सांगली हळद' ह्या नावाने भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. पलीकडे सातारा जिल्ह्यात वाई आणि कऱ्हाडच्या बाजूलाही ही शेती जुनी आहे.

कृष्णा-वारणेच्या संगमावर, सांगलीला खेटून हरिपूर आहे. तेथली पेवे पाहण्यासारखी. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात फुगीर. त्यांत हळद वर्षानुवर्षे राही आणि तिला कीड लागत नसे. पेवाचे तोंड उघडले तरी बराच वेळ आत हवा खेळू दिल्याशिवाय कुणी उतरत नसे. कारण आत प्राणवायूच उरलेला नसतो, आणि कीड लागत नाही तीही त्यामुळेच. २००५च्या महापुराने ह्या पेवांची मोठी हानी केली. पुढे गुदामे आणि शीतगृहे वाढली आणि पेवांचा तो थाट उरला नाही.

आमच्या ओळखीचे एक वयस्क अडते आहेत. त्यांना मी बाटलीची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "सर, पूर्वी गिऱ्हाईक हळकुंड मोडून आतला रंग बघायचं. आता अर्क काढणारी मंडळी येतात ती टक्का विचारतात. कुर्कुमिन किती टक्के, बोला." मिरजेच्या वाटेवर दिसणाऱ्या हळदीच्या शेतापासून अमेरिकेतल्या बाटलीपर्यंतचा सगळा प्रवास त्या 'टक्का' शब्दात आला. कसबे डिग्रज येथे हळदीवर सरकारी संशोधन चालते. तेथून निघालेल्या 'फुले स्वरूपा' जातीचे वर्णन करतानाही उत्पन्नाबरोबर कुर्कुमिनचा टक्का सांगतात.

आता हे कुर्कुमिन म्हणजे काय? हळदीचा पिवळा रंग ज्याच्यामुळे येतो तो पदार्थ. १८१५ साली व्होगेल आणि पेल्तिये ह्या दोघांनी तो हळदीपासून वेगळा काढला, आणि १९१० साली त्याची रासायनिक रचना उलगडली. साध्या हळदपुडीत तो तीन टक्क्यांच्या आसपास असतो. चांगल्या जातीत पाचपर्यंत जातो. बाकीची सत्त्याण्णव टक्के हळद म्हणजे पिष्ट, तंतू, सुगंधी तेल वगैरे. लखनौच्या औषधसंशोधन संस्थेतील श्रीमल आणि धवन ह्यांनी १९७३ साली कुर्कुमिनच्या सूज उतरवण्याच्या गुणाविषयी निबंध लिहिला. १९८० मध्ये देवधर, सेठी आणि श्रीमल ह्यांनी संधिवाताच्या मोजक्या रोग्यांवर ते वापरून पाहिले. हे काम नेमस्त होते, सावध होते आणि जगाने त्याची विशेष दखल घेतली नव्हती.

दखल घेतली जाऊ लागली ती एका माणसामुळे. त्यांचे नाव डॉ. भारत अगरवाल. जन्म १९५०, पंजाबातल्या बटाल्याचा. कॅलिफोर्नियातील बर्कलेच्या विद्यापीठात १९७७ साली जीवरसायनशास्त्रात पीएच्.डी. पुढे १९८० मध्ये ते जेनेन्टेक ह्या कंपनीत गेले. तेथे जे काम झाले ते रोगप्रतिकारशास्त्राच्या इतिहासात पक्के नोंदलेले आहे. आपल्या रक्तातील पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. त्यांतला एक निरोप्या म्हणजे 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', थोडक्यात टीएनएफ. तो आला की सूज, लाली, ऊब आणि वेदना ही चौकडी हजर होते. जखम झाली असता ही चौकडी उपकारक. पण निरोप्या कारण नसताना हाका मारू लागला तर माझ्या आत्याची बोटे सुजतात. हा निरोप्या आणि त्याचा सख्खा भाऊ लिंफोटॉक्सिन हे शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्याचे काम १९८४-८५च्या सुमारास जेनेन्टेकमध्ये झाले. त्या कामात अगरवालांचा वाटा मोठा होता.

१९८९ साली ते ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात गेले. तेथे त्यांना प्रश्न पडला की हा निरोप्या अडवायचा कसा? पेशीच्या आत एनएफ-कॅपा-बी नावाचा एक घटक असतो. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर ह्यांनी तो १९८६ साली शोधला. सूज आणणाऱ्या अनेक जनुकांना जाग आणणारी ही घंटाच म्हणा ना. १९९५ साली अगरवालांच्या प्रयोगशाळेने निबंध लिहिला, की कुर्कुमिन ही घंटा वाजू देत नाही. बस्स! आजीच्या हळद-दुधाला जणू अमेरिकन शिक्का मिळाला. त्यानंतर अगरवालांच्या हातून निबंधांचा जो ओघ सुरू झाला तो थांबेना. एकूण सहाशेंहून अधिक निबंध, आणि हळदीबरोबर इतर मसाल्यांवरही. जगात सर्वाधिक उल्लेखिल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञांच्या याद्यांत त्यांचे नाव झळकू लागले. आतेभावाच्या चिटोऱ्यावरचे 'हजारो निबंध' आले ते ह्या ओघातून, आणि त्या ओघाला पुढे मिळालेल्या जगभरच्या ओढ्या-नाल्यांतून.

हे उल्लेख मोजण्याचे शास्त्रही मोठे मजेचे आहे. यूजीन गारफील्ड नावाच्या गृहस्थांनी १९५५ साली ही कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ह्या नावाने ती प्रत्यक्षात आणली. मूळ कल्पना वकिलांची! एखाद्या निवाड्याचा पुढच्या कोणकोणत्या निवाड्यांत दाखला दिला गेला, ह्याची सूची अमेरिकेतले वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. गारफील्डांनी तेच शास्त्रीय निबंधांना लावले. २००५ साली हिर्श नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने त्यावर आणखी एक माप काढले. तुमचे दहा निबंध असे असतील की प्रत्येकाचा निदान दहा वेळा उल्लेख झाला आहे, तर तुमचा अंक दहा. पन्नास निबंध प्रत्येकी निदान पन्नास वेळा उल्लेखिले गेले तर अंक पन्नास. आता नोकऱ्या, बढत्या, अनुदाने सगळे ह्या अंकावर तोलले जाते. आमच्या कॉलेजातही दर वर्षी एक तक्ता भरून द्यावा लागतो. त्यात मराठीच्या अध्यापकाने स्वतःच्या लेखांचे किती उल्लेख झाले ते लिहायचे असते. मी तेथे एक आडवी रेघ मारतो. प्राचार्य ती पाहून न पाहिल्यासारखे करतात.

थट्टा सोडून बोलायचे तर मला ह्या मापाविषयी आदर आहे आणि भीतीही आहे. आदर अशासाठी की उल्लेख हे एक प्रकारचे ऋण मान्य करणे आहे. ज्ञानेश्वरीचा एखादा अवघड शब्द अमक्याने उलगडला असे टीपेत लिहिताना आपण मागच्याचे देणे फेडतो. भीती अशासाठी की ती टीप वाचून तिसरा माणूस मूळ न पाहताच तीच टीप उतरवतो, आणि चौथा तिसऱ्याची. एका जुन्या कवीच्या जन्मसालाविषयीची चूक मी एकदा अशीच अकरा पुस्तकांतून पाठलाग करत नेली होती. शेवटी ती एका छापखान्यातल्या जुळाऱ्याच्या हाताशी जाऊन थांबली! अकरा दाखले होते. प्रत्यक्ष पाहणारा एकही नव्हता. प्रयोगशाळेतही माणसेच असतात.

आणि तरीही, ज्या दाखल्यांविषयी मी असे कुरकुरतो आहे, त्यांनीच एकदा हळदीची अब्रू राखली आहे. ज्या १९९५ साली अगरवालांचा तो निबंध आला, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या पेटंट कचेरीने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांना पेटंट बहाल केले. कशाचे? जखमेवर हळद लावण्याचे! शेतात विळा लागला की आधी हळद दाबणाऱ्या आमच्या कृष्णाकाठच्या बायकांनी हे ऐकले असते तर कपाळालाच हात लावला असता. त्या वर्षी डॉ. रघुनाथ माशेलकर हे दिल्लीच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले होते. गोव्यातल्या माशेलचा जन्म, मुंबईत गरिबीत झालेले शिक्षण, मग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद, असा हा माणूस. त्यांच्या संस्थेने १९९६ मध्ये पेटंटाला हरकत घेतली.

पण हरकत घ्यायची तर पुरावा काय? "आमच्या आजीला ठाऊक होते" हे कचेरीत चालत नाही. तेथे छापील दाखला लागतो. मग संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ धुंडाळून बत्तीस दाखले गोळा झाले. त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने होते. १९५३च्या एका भारतीय वैद्यकीय मासिकातला निबंधही त्यांत होता. ऑगस्ट १९९७ मध्ये कचेरीने मान्य केले की ह्यात नवे काही नाही. पेटंट गेले. मला ह्या गोष्टीत सर्वांत आवडते ते हे, की ती कामगिरी जुन्या पोथ्या वाचू शकणाऱ्या माणसांवाचून होणे शक्य नव्हते. आमच्यासारख्यांचाही कधीतरी उपयोग होतो!

तेथे बत्तीस दाखले पुरले, कारण ते बत्तीसही खरे होते आणि प्रश्न सोपा होता: ही गोष्ट पूर्वी लिहून ठेवली आहे की नाही? आत्याचा प्रश्न तसा नव्हता. तिला "लिहिले आहे का" हे नको होते. "गुण येतो का" हे हवे होते.

येथून पुढची हकीकत जड अंतःकरणाने लिहितो. २०१२च्या सुरुवातीला बातमी आली की डॉ. अगरवालांच्या अनेक निबंधांतील चित्रांविषयी शंका निघाल्या असून त्यांची संस्था चौकशी करीत आहे. अशा निबंधांत पेशीतील प्रथिने काळ्या पट्ट्यांच्या रूपाने दाखवलेली असतात. एका प्रयोगाची पट्टी दुसऱ्या प्रयोगातही दिसू लागली तर वाचक विचारणारच, की ही जुळी भावंडे कोठून आली? २०१५च्या अखेरीस ते संस्थेतून बाहेर पडले. २०१६ मध्ये एका नियतकालिकाने त्यांचे सात निबंध एकदम मागे घेतले. पुढे हा आकडा वाढत वाढत पंचवीसच्या पलीकडे गेला.

मागे घेतलेला प्रत्येक निबंध म्हणजे लबाडीच, असे मी म्हणणार नाही. तो निवाडा करणारा मी कोण? चुका होतात, प्रयोगशाळेत पंधरा-वीस जणांचे हात असतात. शिवाय सहाशेंतून पंचवीस-तीस वजा केले तरी पुष्कळ उरतात. पण एक गोष्ट मला बोचली. मागे घेतलेल्या निबंधांचे दाखले पुढेही दिले जात राहतात, आणि हे केवळ ह्यांच्याच बाबतीत नव्हे, सर्वत्र घडते. नाणे खोटे म्हणून टांकसाळीने परत मागवले, तरी बाजारात ते फिरतच आहे. बाटलीवरच्या त्या 'हजारों'त अशी नाणी किती, हे बाटलीवाला सांगत नाही.

त्याहून मोठा धक्का २०१७च्या जानेवारीत बसला, आणि त्याचा अगरवालांच्या चौकशीशी संबंध नव्हता. मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथरिन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुर्कुमिनवरचे सगळे वाङ्मय चाळून एक दीर्घ समीक्षा लिहिली. समीक्षा हा शब्द मी आदराने वापरतो. आमच्या मराठीत इतकी निर्भीड समीक्षा क्वचित होते. त्यांचे म्हणणे साधारण असे. कुर्कुमिन हा अस्थिर पदार्थ आहे. शरीराच्या उबेला, रक्तासारख्या द्रावात, तो अर्ध्या तासात बहुतांशी मोडून जातो. तो स्वतः चमकतो आणि समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतो. त्यामुळे प्रयोगनळीत तो प्रत्येक कसोटीला उतरल्यासारखा दिसतो. जसा एखादा विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाला हात वर करतो. उत्तर येते म्हणून नव्हे, हात वर करायची खोड म्हणून! आणि तोंडाने घेतला तर रक्तात पोहोचतो तो नावापुरता. तोपर्यंत माणसांवर शंभराहून अधिक प्रयोग झाले होते. रोग्यालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरालाही ठाऊक नाही की खरे औषध कोणते नि खोटे कोणते, अशा कडक पद्धतीचा यशस्वी प्रयोग त्यांना त्यांत एकही सापडला नाही.

"पी हळद नि हो गोरी" ही म्हण आपल्या बायकांनी उतावळ्यांसाठी केली. पण मला वाटते ती रसायनशास्त्र्यांच्याही उपयोगाची आहे.

थोडा हिशेब करून पाहू. अगरवाल ज्यांत सामील होते अशा एका प्रयोगात, स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पंचवीस रोग्यांना रोज आठ ग्रॅम कुर्कुमिन दिले. त्याचा निबंध २००८ साली आला. तपासता आले ते एकवीस; त्यांतल्या दोघांत काही परिणाम दिसला, आणि त्यांतलाही एक अल्पकाळ टिकला. रक्तात कुर्कुमिन उतरले ते अत्यल्पच. आता आठ ग्रॅम कुर्कुमिन हळदीतून घ्यायचे म्हटले तर तीन टक्क्यांच्या दराने रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल. आपल्या घरात माणशी रोज दोन-तीन ग्रॅम हळद पोटात जात असेल. म्हणजे कुर्कुमिन साठ ते नव्वद मिलिग्रॅम. तेव्हा आमटीतली हळद आणि बाटलीतले सत्त्व ही एकाच नावाची दोन निराळी माणसे आहेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अन्याय केला असे होईल. थायलंडमध्ये गुडघे झिजलेल्या ३६७ रोग्यांवर चार आठवडे प्रयोग झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना हळदीचा अर्क, अर्ध्यांना आयबुप्रोफेन. दोन्हींचा गुण जवळजवळ सारखा आला, आणि हळदीने पोटाला त्रास कमी झाला. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते झिजलेले गुडघे. आत्याचा रोग निराळा.

राहता राहिले मिरे. बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की कुर्कुमिनबरोबर मिऱ्यातले पायपरीन दिले तर ते रक्तात वीसपट उतरते. का? तर यकृत परक्या पदार्थांना बाहेर घालवण्याचे जे काम करते त्यात पायपरीन अडथळा आणते. बाटलीवाल्यांनी हे हातोहात उचलले. पण पहारेकऱ्याला गुंगी देऊन मित्राला आत घेतले, तर त्याच दाराने आणखी कोण आत येईल? २०२२ साली अमेरिकेतील यकृतविकाराच्या एका जाळ्याने हळदीच्या अशा गोळ्यांनी यकृत बिघडलेल्या दहा रोग्यांची हकीकत छापली. पाच जणांना इस्पितळात ठेवावे लागले, एक दगावला. मौज अशी, की दहांपैकी सात जणांत रोगप्रतिकाराशी संबंधित एकाच प्रकारचे जनुक सापडले. म्हणजे सगळ्यांना धोका नाही. पण आपण त्या सातांतले की नाही हे बाटली फोडण्यापूर्वी कळत नाही. कोट्यवधी लोक ह्या गोळ्या खातात. त्यांत दहा म्हणजे फार नव्हेत, हेही खरे.

एवढे टिपण घेऊन मी साताऱ्याला गेलो आणि आत्याबरोबर तिच्या डॉक्टरांकडे. त्यांनी माझे कागद शांतपणे पाहिले. म्हणाले, "सर, एवढे सगळे वाचायची गरज नव्हती. ह्यांची आठवड्याची गोळी यकृतावर ताण टाकते म्हणून आपण दर काही आठवड्यांनी रक्त तपासतो. त्यात हे मिरे-हळदीचे सत्त्व घातले आणि रक्तात बिघाड दिसला, तर मी दोष कोणाला देऊ? गोळी बंद करायची नाही. भाजीत हळद घाला, दुधात घाला. तिला माझी ना नाही."

आत्या जरा हिरमुसली. तिने विचारले, "आणि ह्या गोळीने भागले नाही तर?"

"तर मग इंजेक्शन आहे. महाग आहे, पण आहे," डॉक्टर म्हणाले.

मी त्या इंजेक्शनाचे नाव विचारून घेतले आणि रात्री घरी बसून त्याची कुळकथा शोधली. ते टीएनएफ अडवणारे औषध होते! निरोप्यालाच वाटेत धरायचे, ही त्यामागची युक्ती. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी ह्यांनी ती आमवाताच्या रोग्यांत प्रथम सिद्ध केली. १९९८ साली अशी पहिली औषधे अमेरिकेत मंजूर झाली आणि हजारो आखडलेली बोटे पुन्हा हलू लागली. पण निरोप्याला धरायचे तर आधी तो ओळखला पाहिजे. आणि त्याला शुद्ध रूपात बाजूला काढून ओळख पटवून देणाऱ्यांत, १९८४-८५ साली, कोण होते? तेच बटाल्याचे भारत अगरवाल.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. ज्या कामाचा आत्याला कधी उपयोग झाला तर होईल, त्याची जाहिरात कोणत्याही बाटलीवर नाही. ज्याची जाहिरात आहे ते तिच्या कामाचे नाही. दोन्ही एकाच माणसाचे. आणि दाखले मोजणाऱ्या यंत्राला दोहोंतला फरक कळत नाही. तेथे दोन्हींची बेरीज होते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्यांची आपल्याकडे थट्टा करतात. ह्या गृहस्थांपाशी तर अख्खे हळकुंड होते. त्यांना आणखी पिवळे व्हायची गरज काय होती, हे मला अजून उमगलेले नाही.

आत्याची आठवड्याची गोळी चालू आहे. रक्ताचे आकडे ठीक आहेत. सकाळचा तास आता अर्ध्या तासावर आला आहे. ऋतुमानाप्रमाणे मागेपुढे होते. अमेरिकेची बाटली तिने फेकली नाही. मुलाने पाठवलेली वस्तू फेकवत नाही. ती देवघराच्या फडताळात, कुंकवाच्या करंड्यामागे आहे.

ह्या वर्षी चकलीचा सोऱ्या तिने नातवाच्या हाती दिला आहे. तो दाबतो, ती कडबोळी वळते. परवाच तिचा फोन आला होता. "येताना दोन किलो हळकुंडे आण रे. आणि पॉलिशची चकचकीत नको हो, साधीच आण. दळायचे मी बघते."

"कुर्कुमिन किती टक्क्यांचे हवे?" मी विचारले.

"काय म्हणालास?"

"काही नाही. आणतो."